दुष्काळनिवारणाचीं बक्षिसें आणि पाण्याचा हिशेब

पुराच्या लोंढ्यांतून माणूस वांचविणाऱ्याचें शौर्य सर्वांच्या डोळ्यांस दिसतें, आणि त्यास पदक देतांना कोणी शंका काढीत नाहीं. परंतु जें संकट आलेंच नाहीं, त्याबद्दल पदक कोणास द्यावयाचें ? अवर्षणाच्या वर्षीं ज्या गांवच्या विहिरींना पाणी राहिलें, जेथील गुरें छावणीस गेलीं नाहींत, जेथील बायकांस हंडे घेऊन टँकरची वाट पाहावी लागली नाहीं, त्या गांवाची वर्तमानपत्रांत बातमी येत नाहीं. कारण तेथें कांहीं घडलेलेंच नसतें. ‘कांहीं न घडणें’ हीच ज्या श्रमाची कमाई, तो श्रम ओळखावा कसा, मोजावा कसा आणि गौरवावा कसा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं.

हा विषय आज हातीं घेण्याचें कारण असें कीं, जलसंधारणाच्या चढाओढींविषयीं शेतकरी मंडळींत दोन प्रकारचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, “बक्षीस मिळो वा न मिळो, चढाओढीनें गांव उठतें, यांतच सर्व आलें.” दुसरा म्हणतो, “बक्षिसाच्या आशेनें खणलेला खड्डा बक्षिसाच्या समारंभाबरोबरच बुजतो.” दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. त्यांतील ग्राह्य किती व त्याज्य किती हें ठरविण्यास भावनेपेक्षां हिशेब बरा. म्हणून या लेखांत आम्ही अशा बक्षिसांची हकीकत थोडक्यांत सांगून, मग पाण्याचा जमाखर्च वाचकांपुढें मांडणार आहों.

बक्षिसांचे प्रकार

आपत्तीस तोंड देण्याची सिद्धता केल्याबद्दल भारत सरकारनें २०१९ सालापासून ‘सुभाषचंद्र बोस आपदा प्रबंधन पुरस्कार’ ठेविला आहे. नेताजींच्या जन्मदिनीं, म्हणजे २३ जानेवारीस, तो जाहीर करण्याचा प्रघात आहे. पुरस्कारास पात्र ठरलेल्या संस्थेस ५१ लाख रुपये व व्यक्तीस ५ लाख रुपये अशी त्याची योजना आहे. २०२३ सालीं हा मान मिझोराममधील लुंगलेई येथील अग्निशमन केंद्राबरोबर ओडिशा राज्याच्या आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणास मिळाला. ओडिशाच्या किनाऱ्यावर १९९९ च्या ऑक्टोबरांत जें महाचक्रीवादळ आलें, त्यांत सुमारें १०,००० माणसें दगावलीं. त्याच वर्षाच्या अखेरीस तें प्राधिकरण स्थापन झालें. पुढें २०१३ सालीं ‘फायलिन’ नांवाचें तसेंच प्रचंड वादळ आलें. तेव्हां सुमारें १० लक्ष लोक आगाऊच सुरक्षित जागीं हलविले गेले, आणि मृतांची संख्या शंभराच्या आंतच राहिली. या दोन आंकड्यांमध्यें जें अंतर आहे, तीच अशा कामाची खरी कमाई होय. जे वांचले त्यांचीं नांवें कोणत्याही यादींत नाहींत; ते आपापल्या घरीं आहेत, इतकेंच.

हा पुरस्कार मुख्यतः संस्थांचा व व्यक्तींचा झाला. आम्हां कोरडवाहू मुलुखांतील शेतकऱ्यांस ज्या प्रकाराशीं अधिक कर्तव्य आहे तो निराळा. त्यांत एखाद्या संस्थेस नव्हे, तर उभ्या गांवास बक्षीस असतें. आणि संकटही एका रात्रींत येणारें वादळ नसून हळूहळू गळा आंवळणारा दुष्काळ असतो. महाराष्ट्रांत या प्रकारचें सर्वांत मोठें उदाहरण म्हणजे ‘पानी फाउंडेशन’ या संस्थेनें २०१६ ते २०१९ या चार वर्षांत भरविलेली ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ ही स्पर्धा.

रेल्वेचें पाणी व कुदळीचें पाणी

२०१६ चा एप्रिल महिना मराठवाड्यास विसरतां येणार नाहीं. लागोपाठ दोन वर्षें पाऊस अपुरा झाल्यामुळें लातूर शहराची तहान भागेना. तेव्हां मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. १२ एप्रिल रोजीं पहिली गाडी लातुरास पोंचली. तिच्या १० वाघिणींतून ५ लक्ष लिटर पाणी आलें. पुढें मोठ्या गाड्या आल्या व लातूरकरांचे दिवस कसेबसे निभावले.

त्याच महिन्याच्या २० तारखेस, वर सांगितलेली स्पर्धा तीन तालुक्यांत सुरू झाली : सातारा जिल्ह्यांतील कोरेगांव, बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाई व अमरावती जिल्ह्यांतील वरुड. एकंदर ११६ गांवांनीं भाग घेतला. मुदत ४५ दिवसांची. नियमांचा गाभा असा कीं, प्रत्येक गांवानें आपल्यांतील निवडक स्त्रीपुरुषांस शिक्षणासाठीं पाठवावें. त्यांनीं परत येऊन पाणलोटाची आंखणी करावी. आणि गांवकऱ्यांनीं श्रमदानानें व यंत्राच्या साहाय्यानें चर, बांध, शेततळीं यांचीं कामें करावीं. शिकविण्याचें व तांत्रिक सल्ल्याचें काम पाणलोटक्षेत्रांत मुरलेल्या माणसांनीं केलें. मुदतीअखेर परीक्षकांनीं कामें पाहून व मोजून गुण द्यावयाचे. घरोघरचे शोषखड्डे, जुन्या बांधांची दुरुस्ती, रोपवाटिका, पाण्याचा ताळेबंद यांसही गुण होते. परंतु मुख्य भार माती अडविण्याच्या व पाणी मुरविण्याच्या कामांवर होता.

पहिल्या वर्षीं कोरेगांव तालुक्यांतील वेळू या गांवानें ५० लक्ष रुपयांचें पहिलें बक्षीस मिळविलें. दुसऱ्या वर्षीं, २०१७ सालीं, स्पर्धा ३० तालुक्यांत पसरली आणि वर्धा जिल्ह्यांतील आर्वी तालुक्यांतलें काकडदरा हें लहानसें आदिवासी गांव पहिलें आलें. २०१८ सालीं ७५ तालुके झाले. त्या वर्षीं माण तालुक्यांतील टाकेवाडीनें ७५ लक्षांचें बक्षीस घेतलें. २०१९ सालीं तो मान बार्शी तालुक्यांतील सुर्डी गांवास मिळाला. माण काय, बार्शी काय, हे तालुके पावसाच्या नांवानें बोटें मोडणारे. आणि काकडदऱ्याजवळ तर संख्याबळही नव्हतें. जें गांव मोठें व संपन्न, तेंच जिंकतें, असें यांत झालें नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आतां आगगाडीची व कुदळीची तुलना करूं. एक घनमीटर म्हणजे सुमारें ३५ घनफूट, ब्रासाचा अदमासें तिसरा हिस्सा. एवढ्या खड्ड्यांत १,००० लिटर पाणी मावतें. पहिल्या गाडीनें आणलेलें ५ लक्ष लिटर पाणी म्हणजे ५०० घनमीटर. मुरमाड जमिनींत कुदळ, फावडें व घमेलें घेऊन एक माणूस दिवसाकांठीं एक घनमीटर खणतो, असें धरलें तर १०० माणसें पांच दिवसांत आगगाडीएवढी जागा खणून मोकळी करितात. आणि गाडी रिकामी झाली कीं रिकामीच परत जाते; चर मात्र पावसाच्या प्रत्येक मोठ्या सरीस पुन्हा भरतो. ज्यांनीं एप्रिलच्या उन्हांत हातांस फोड येईपर्यंत कुदळ मारली, त्यांनीं वेडेपणा केला नाहीं, हें यावरून उघड होईल.

चर काय करितो ?

महाराष्ट्राच्या सुमारें चार पंचमांश भागाखालीं काळा पाषाण आहे. हा दगड स्पंजासारखा सच्छिद्र नाहीं. पाणी रहातें तें त्याच्या वरच्या कुजलेल्या मुरुमाच्या थरांत आणि भेगांत. असा १०० घनमीटर मुरूम पाण्यानें तुडुंब भरला, तरी त्यांतून विहिरीस मिळण्याजोगें पाणी अवघें १ ते ३ घनमीटर असतें. म्हणजे आपली भूमिगत कणगी उथळ आहे. ती लवकर भरते व तितक्याच लवकर रिती होते. सारा दुष्काळ या एका वाक्यांत आहे, असें म्हटलें तरी चालेल.

पावसाची सर डोंगरावर पडली कीं पाणी उतारानें धांवतें, आणि धांवतांना मातीही नेतें. समपातळींत, म्हणजे एकाच उंचीवर, आडवा खणलेला चर त्या पाण्यास थांबवितो. थांबलेलें पाणी मुरतें. मुरलेलें पाणी मुरुमांतून हळूहळू खालच्या विहिरींकडे जातें. दोन फूट रुंद व एक फूट खोल असा सुमारें साडेसतरा फूट लांबीचा चर खणला कीं एक घनमीटर काम होतें. चराची माती उताराच्या खालच्या अंगास टाकावयाची, आणि तिच्यावर गवत वा झाड लावावयाचें. नाहीं तर पहिल्याच वळवानें ती माती परत चरांत येते.

काम माथ्यापासून पायथ्याकडे नेण्याचा जो आग्रह जाणते लोक धरतात, त्याचें कारणही हेंच. आधीं वरचा उतार, मग घळींतील अनगड दगडांचे बांध, मग शेतांची बांधबंदिस्ती, आणि सर्वांत शेवटीं नाला. हा क्रम उलटा केला आणि यंत्र लावून आधीं नालाच खोल केला, तर वरून येणारा गाळ दोन पावसाळ्यांत तो भरून टाकतो. शिवाय नाला प्रमाणाबाहेर खोल गेला, तर आजूबाजूच्या मुरुमांतील पाणीच पाझरून नाल्यांत येतें; म्हणजे मुरवावयास गेलों आणि उपसून बसलों, अशी गत होते.

श्रमाचा हिशेब

आतां मुख्य मुद्दा. उदाहरणादाखल १,००० वस्तीचें एक गांव कल्पूं. त्यांतील १०० माणसें ४५ दिवस रोज एक घनमीटर काम करितात. एकंदर काम ४,५०० घनमीटर झालें. हे चर पावसाळ्यांत पांच वेळां भरले, असें धरूं. तर अडलेलें पाणी २२,५०० घनमीटर, म्हणजे २ कोटी २५ लक्ष लिटर. यांतील कांहीं वाफ होऊन जाईल, कांहीं दुसऱ्याच्या शिवारांत पाझरेल. पण हिशेबापुरतें तें सर्व गांवाच्या पदरीं पडलें असें समजूं. एवढ्या पाण्यांत काय होतें तें पाहा.

पहिलें : माणशीं रोज ५५ लिटर धरले, तर १,००० माणसांस वर्षाला २ कोटी लिटरांहून थोडें अधिक पाणी लागतें. म्हणजे साऱ्या गांवाची वर्षभराची घरगुती गरज भागली.

दुसरें : रब्बी ज्वारीस एकंदर ३०० मिलिमीटर पाणी धरलें, तर एकरीं सुमारें १२ लक्ष लिटर होतात. म्हणजे १८ ते १९ एकर ज्वारी पिकली. आणि ज्वारी बरेंचसें पाणी जमिनींतील ओलींतूनच घेते, हें ध्यानांत घेतलें तर याहूनही पुष्कळ अधिक.

तिसरें : उसास २,००० मिलिमीटर धरले, तर एकरीं सुमारें ८१ लक्ष लिटर होतात. म्हणजे पावणेतीन एकर ऊस !

वाचकहो, येथें क्षणभर थांबा. शंभर माणसांचा दीड महिन्याचा घाम पावणेतीन एकर उसास पुरतो. पावसानें दिलेला हिस्सा वजा केला, ठिबक सिंचनानें पाणी वांचविलें, तरी फार तर चारपांच एकर होतील. ज्या गांवीं श्रमदानानंतरच्या पहिल्याच चांगल्या पावसांत एकट्या दोन बागाइतदारांनीं पांच एकर ऊस अधिक लाविला, त्या गांवाचें सर्व श्रमदान त्या दोन शेतांनीं पिऊन टाकलें. परीक्षकाच्या वहींत ४,५०० घनमीटर लिहिलेले असतात. विहिरीच्या तळाशीं मात्र दगडच दिसतो.

आम्ही उसाचे शत्रु नाहीं. या मासिकाचे पुष्कळ वाचक ऊस पिकवितात, आणि कालव्याखालीं त्याचा हिशेब निराळा आहे. परंतु जेथें सारी भिस्त उथळ मुरुमावर, तेथें पाणी अडविणें हा जमेचा रकाना आणि उपसणें हा खर्चाचा. केवळ जमा पाहून बक्षीस देणें म्हणजे सावकारानें कुळाची मिळकत पाहावी व कर्ज पाहूं नये, तसें होय.

आम्हीं प्रत्यक्ष पाहिलेली एक गोष्ट सांगतों. गांवाचें नांव देत नाहीं. कारण दोष त्याचा एकट्याचा नव्हे. वेशींत बक्षिसाची पाटी होती, आणि तिच्याच सांवलींत टँकरच्या पाण्यासाठीं पिंपांची रांग लागली होती. चर बुजले नव्हते. काम खरोखर उत्तम होतें. आम्हीं एका म्हाताऱ्या गृहस्थांस कारण विचारलें. ते म्हणाले, “पाणी आलं हो, पण पाण्याच्या आधी बोअरची गाडी आली.” पाण्याची पातळी वर आलेली पाहून तीन वर्षांत गांवीं विंधनविहिरींची रांग लागली, आणि जो अधिक खोल गेला त्यानें शेजाऱ्याचें पाणी ओढलें. बक्षिसाची रक्कम जाहीर होतांना सारें गांव एक होतें; पाणी वांटतांना प्रत्येकजण एकटा झाला.

हा दोष एका स्पर्धेचा नाहीं. राज्य सरकारनें २०१४ च्या डिसेंबरांत ‘जलयुक्त शिवार’ अभियान हातीं घेतलें. त्यावर सुमारें ९,६०० कोटी रुपये खर्च झाले. महालेखापरीक्षकांचा जो अहवाल २०२० सालीं विधिमंडळापुढें आला, त्यांत भूजलाची पातळी वाढविण्याच्या कामीं या खर्चाचा फारसा परिणाम दिसला नाहीं, असा अभिप्राय आहे. पैसा असो वा घाम असो, नियमावांचून दोन्ही मुरुमांतून वाहून जातात.

नियमाचें गांव

याच्या उलट बाजूस अहिल्यानगर (पूर्वींचें अहमदनगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजाराचें उदाहरण आहे. पाऊस सरासरीं सुमारें ४०० मिलिमीटर. गांव एके काळीं ओस पडत चाललेलें. १९८९ सालीं श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. चर, बांध, झाडें हीं कामें तेथेंही झालीं. परंतु त्यांच्या आधीं व त्यांच्या बरोबर नियम आले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी व श्रमदान या पंचसूत्रीस पुढें शेतीसाठीं विंधनविहीर न घेण्याच्या नियमाची जोड मिळाली. ऊस व केळीं यांसारखीं पाणीखाऊ पिकें न घेण्याचें ग्रामसभेनें ठरविलें. पावसाळा संपला कीं गांवांत पडलेला पाऊस, मुरलेलें पाणी व विहिरींची पातळी यांवरून त्या वर्षाचा ताळेबंद मांडावयाचा. आधीं माणसांचें व जनावरांचें पाणी बाजूस काढावयाचें. आणि उरेल त्यावर रब्बीचीं पिकें ठरवावयाचीं. पाऊस कमी पडला तर पेरा कमी. यांत गुपित कांहीं नाहीं. घरांतली गृहिणी कणगींतील धान्य पाहून पाहुण्यांस राहावयास सांगते, तोच हा न्याय.

या गांवास सरकारी मानसन्मान पुष्कळ मिळाले, आणि सरपंचांस २०२० सालचा पद्मश्री किताबही मिळाला. परंतु पाहावयाचें तें हें कीं, नियम आधीं आले व बक्षिसें मागाहून आलीं. बक्षिसासाठीं नियम केला असता, तर बक्षीस मिळाल्यावर तो मोडण्यास वेळ लागला नसता.

ज्याचा घाम, त्याचें पाणी

आणखी एक गोष्ट आम्हां जमीनदार शेतकऱ्यांनीं मनास विचारून पाहिली पाहिजे. चढाओढीच्या दिवसांत कुदळ घेऊन कोण कोण आलें होतें ? ज्याची विहीर आहे तो आला, तसाच ज्याच्याजवळ वावभर जमीन नाहीं तोही आला. त्याची बायकोही घमेलें उचलून आली. पुढें पाणी वाढलें तें कोणाच्या विहिरींत ? मजुरास वर्षाकांठीं चार दिवस अधिक मजुरी मिळेल हें खरें. परंतु पाण्यावर त्याचा हक्क कोणता?

या प्रश्नाचें उत्तर पुरंदर तालुक्यांत पन्नास वर्षांपूर्वींच देऊन ठेविलें आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर कै. विलासराव साळुंखे यांनीं नायगांव येथें जी ‘पाणी पंचायत’ उभारिली, तिचा पायाच असा होता कीं, पाणी जमिनीच्या प्रमाणांत नव्हे, माणसांच्या प्रमाणांत वांटावें. माणशीं अर्धा एकर भिजेल इतकें, व कुटुंबास फार तर अडीच एकर भिजेल इतकें पाणी. भूमिहीनासही त्याचा वांटा. आणि उसास मनाई. हे नियम कडक आहेत, आणि सर्वत्र जसेच्या तसे चालतील असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्याच्या श्रमानें पाणी अडलें, त्याच्या हंड्यास तरी पहिला मान असावा, येथपर्यंत कोणाचा मतभेद असूं नये. पुढील उन्हाळ्यांत आपण हांक मारूं तेव्हां तो मजूर पुन्हा कुदळ घेऊन येईल कीं नाहीं, तें यावरच अवलंबून आहे.

बक्षीस कसें असावें ?

येथें पुन्हा ओडिशाच्या किनाऱ्याकडे पाहण्याजोगें आहे. तेथील वेंकटरायपूर व नोलियासाही या दोन गांवांस २०२० सालीं युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाकडून ‘सुनामी-सज्ज’ अशी मान्यता मिळाली. हिंदी महासागराच्या भोंवतालच्या प्रदेशांत ती पहिलीच. ही चढाओढ नव्हे. यांत पहिलें दुसरें कोणी नसतें. धोक्याचे नकाशे, पळून जाण्याचे ठरलेले मार्ग, इशारा पोंचविण्याची तजवीज, रंगीत तालीम, अशीं ठरावीक कलमें जें गांव पुरीं करील, तें मान्य. आणि ही मान्यता कायमची नसून मुदतीनें पुन्हा तपासली जाते. आमच्या मतें दुष्काळाच्या बक्षिसांनीं हीच एक गोष्ट उसनी घ्यावी. एका उन्हाळ्यांत जिंकलेला कप कपाटांत रहातो. परंतु दुष्काळ कांहीं एकदांच येऊन जात नाहीं.

चढाओढीचे गुण आम्ही नाकारीत नाहीं. ४५ दिवसांची मुदत नसती, शेजारचें गांव पुढें जाईल अशी ईर्षा नसती, तर ज्या दोन तटांचें तोंड एकमेकांकडे नव्हतें ते एका चरांत उतरले नसते. सुस्तावलेल्या बैलास पहिला दम देण्यापुरता चाबूक हवा. पण औत कांहीं चाबूक ओढीत नाहीं. म्हणून बक्षीस देणाऱ्यांस आमची नम्र सूचना अशी कीं, रकमेचा निम्मा हिस्सा कामाच्या वर्षीं द्यावा, आणि निम्मा पांच वर्षांनीं, चर जागेवर आहेत कीं नाहींत, ताळेबंद दरसाल मांडला कीं नाहीं, आणि अवर्षणाच्या वर्षीं गांवांत टँकर आला कीं नाहीं, हें पाहून द्यावा. मापन या दिशेस वळूं लागल्याचीं चिन्हेंही आहेत. केंद्र सरकारनें २०१९ च्या अखेरीस महाराष्ट्रासह सात राज्यांत सुरू केलेल्या अटल भूजल योजनेंत गांवाच्या पाण्याच्या ताळेबंदास महत्त्व दिलें गेलें. आणि वॉटर कप भरविणाऱ्या संस्थेनेंही २०२२ सालापासून ‘फार्मर कप’ म्हणून शेतकऱ्यांच्या गटांची निराळी स्पर्धा सुरू केली, तींत खोदाईपेक्षां गटानें केलेल्या शेतीस महत्त्व आहे.

आतां आपण काय करावें ?

बक्षीस असो वा नसो, पुढील गोष्टी प्रत्येक गांवास करतां येतात.

१. ग्रामपंचायतीच्या छपरावर एक पर्जन्यमापक बसवावा व रोजचा पाऊस फळ्यावर लिहावा. ज्यास जमा ठाऊक नाहीं, तो खर्च कसा आंखणार ?

२. शिवारांतील निरनिराळ्या भागांतल्या पांचसहा विहिरी निवडून त्यांची पातळी दरमहा मोजावी. दोरीस दगड बांधला तरी हें काम होतें.

३. दसऱ्याच्या सुमारास, रब्बीचा पेरा घालण्यापूर्वीं, ग्रामसभेंत पाण्याचा ताळेबंद मांडावा. आधीं पिण्याचें, मग जनावरांचें, मग पिकांचें, हा क्रम मोडूं नये.

४. स्वतःच्या शेताची बांधबंदिस्ती दुसऱ्यावर ढकलूं नये. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस पडला तर तें पाणी सुमारें ४,००० लिटर होतें. बांध धड ठेवल्यानें १०० एकरांत हंगामभरांत ५० मिलिमीटर पाणी अधिक मुरलें, तर तें २ कोटी लिटर झालें; म्हणजे वर सांगितलेल्या साऱ्या श्रमदानाइतकें ! सर्वांत मोठें धरण आपल्या शेतांतील मातीच आहे.

५. चरांतील व बांधांमागील गाळ दरसाल उन्हाळ्यांत काढावा. नवें काम करण्याचा उत्साह जुनें राखण्यांत दाखविला, तर अर्ध्या खर्चांत काम होईल.

६. विंधनविहिरींविषयीं गांवाचा ठराव असावा, आणि तो आधीं गांवांतील थोरामोठ्यांनीं पाळावा. पुढाऱ्यानें मोडलेला नियम गांवांत कोणीच पाळीत नाहीं.

शेवटीं, आरंभीं विचारलेल्या प्रश्नाकडे येऊं. जें संकट आलेंच नाहीं, त्याबद्दल बक्षीस कोणास द्यावें ? आमचें उत्तर असें : ज्या गांवानें किती खणलें हें सांगतां येतें त्यास शाबासकी द्यावी, परंतु किती उपसणार नाहीं हें ज्यानें चारचौघांत ठरविलें व पाळलें, त्यास बक्षीस द्यावें. पहिल्यास बाहू लागतात. दुसऱ्यास एकमेकांवरचा विश्वास लागतो, आणि महाराष्ट्राच्या मुरुमांत पाण्याहूनही दुर्मिळ वस्तु तीच आहे. वेशींतील पाटीचा रंग चार पावसाळ्यांत उडून जाईल. वैशाखांत विहिरींत पोहरा सोडल्यावर तो दगडावर आदळतो कीं पाण्यांत बुडतो, त्या आवाजावरून गांवानें आपला निकाल आपणच वाचावा.